लातूरचं ऊन, तळमजला आणि गच्ची, घरात पाच माणसं: कुत्रा कोणता घ्यावा, हस्की, लॅब (लॅब्राडॉर) की कारवान?

हुरडा | शनिवार, सकाळी ८:१०

मंडळी, घरात तीन मतं आहेत आणि तिन्ही ठाम आहेत, म्हणून धागा काढतेय.

घर लातूरमध्ये, औसा रोडच्या बाजूला. तळमजला, वर गच्ची, पुढे १० बाय १२ फुटांचं अंगण, लोखंडी गेट. माणसं पाच. आम्ही दोघं सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा बाहेर. सासूबाई-सासरे सत्तरीच्या आसपास, दिवसभर घरी, पण सासूबाईंचे गुडघे गेलेले. मुलगी आठ वर्षांची. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, एप्रिल-मेमध्ये टँकर. शेत २२ किलोमीटरवर, रविवारी जाणं होतं.

मुलीला निळ्या डोळ्यांची हस्की हवी. नवरा म्हणतो लॅब. सासरे म्हणतात, कारवान सोडून बाकी सगळी शोभेची. महिन्याला साडेतीन-चार हजार घालायची तयारी आहे. आधी कुणीच कुत्रा पाळलेला नाही. काय घ्यावं, आणि काय अजिबात घेऊ नये?

बालाघाट | शनिवार, सकाळी ९:०२

जात शेवटी ठरवा. आधी तीन गोष्टी कागदावर लिहा: रोज सकाळ-संध्याकाळ मिळून नक्की किती मिनिटं मिळतील, साखळी कोणाच्या हातात असेल, आणि मे महिन्यात दुपारी तीन वाजता घरातल्या सगळ्यात गार खोलीत पारा किती असतो. या तीन उत्तरांत निम्म्या जाती आपोआप गळतात.

हस्की तिथेच गळते. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. बाकी सगळी उष्णता धापा टाकून, जिभेवरचं आणि श्वसनमार्गातलं पाणी उडवून बाहेर काढावी लागते. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर, आतला लोकरीसारखा दाट. सैबेरियात बर्फावर गाडी ओढण्यासाठी घडलेलं जनावर ते. आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो. तिला जगवायचं तर एसी चालू, आणि लाइट गेली की एसी ओढेल असा इन्व्हर्टर. चार हजारांत हे बसत नाही. एसी असला तरी दुसरी अडचण राहतेच: हस्कीला दिवसाकाठी दीड-दोन तास पळवावं लागतं, आणि मार्च ते जून आपल्याकडे पळवण्याजोगी वेळ पहाटे साडेपाच ते साडेसहा एवढीच. उरलेली ताकद सोफा फाडण्यात, अंगण उकरण्यात आणि लांडग्यासारखं विव्हळण्यात जाते.

तूरडाळ | शनिवार, सकाळी ९:२०

कामून नको म्हणता हस्की? केस बारीक कापून टाकले तर चालत नाही का? शहरात लई लोक कापतात.

बालाघाट | शनिवार, सकाळी ९:४१

नाही. दुहेरी केसांच्या कुत्र्याला कातडीपर्यंत मशीन मारलं तर ऊन थेट कातडीवर पडतं, कातडी भाजते. शिवाय पुढे केस ठिगळाठिगळानं उगवतात, कधी नीट येतच नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडावर आतला मेलेला थर लोखंडी कंगव्यानं विंचरून काढायचा, हाच उपाय. स्पिट्झ, जर्मन शेफर्ड, गोल्डन या सगळ्यांना हे लागू.

आणि पगचाही विचार नको. चेहरा चपटा म्हणजे आतली जागा अपुरी: नाकपुड्या चिरेएवढ्या, टाळू घशात लोंबतो. धापा टाकायचं यंत्रच अडकलेलं. शिह त्झू, बुलडॉग, बॉक्सर त्याच माळेचे मणी, कमी-जास्त प्रमाणात. घोरणं गोड वाटतं, पण तो श्वासाचा अडथळा असतो.

काळीमाती | शनिवार, सकाळी १०:१५

सासऱ्यांच्या कारवानीबद्दल लिहितो, कारण या भागात सगळ्यात जास्त गैरसमज त्याचाच.

कारवान म्हणजे तांड्याबरोबर, काफिल्याबरोबर आलेला शिकारी कुत्रा. मुधोळ संस्थानानं सांभाळला म्हणून कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणतात. २००५ मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात तो आहे. आपल्याकडे गुळगुळीत केसांचा तो कारवान. कानाला, शेपटीला आणि पायांना रेशमी झालर असली की पश्मी. पश्म म्हणजे फारसीत लोकर. चाकूर तालुक्यातलं जानवळ पश्मीसाठी ओळखलं जातं.

उन्हाला हा कुत्रा हस्कीच्या अगदी उलटा. अंगावर चरबी नाही, केस बारीक, नाक लांब, छाती खोल. उंची खांद्यापाशी दोन-सव्वादोन फूट, वजन २२ ते २८ किलो. जो तो म्हणतो, "उपाशी ठेवलंय का?" तर तपासायचं कसं ते सांगतो. कुत्र्याला बाजूनं उभा करून बघा. शेवटच्या दोन-तीन फासळ्या आणि कमरेची दोन हाडं दिसणं ठीक. मांडीचा स्नायू मात्र हाताला टणक आणि भरलेला लागला पाहिजे. मांडी पोकळ लागली आणि पाठीचा कणा सुरीसारखा वर आला, तर तो खरंच उपाशी आहे किंवा पोटात जंत आहेत.

पण तुमच्या घराला तो बसतो का? माझं मत: नाही. तीन कारणं.

एक, तो नजरेनं शिकार करतो. दोनशे फुटांवर मांजर, शेळीचं पिल्लू, कोंबडी हलली की तो निघाला, मग नाव घेऊन हाका मारा नाहीतर बोंबला. अंगणाला सहा फुटी कंपाउंड नसेल तर राहत नाही. साखळीला बांधला तर वेगानं झेप घेतो आणि मानेला हिसका बसतो. त्याची मान डोक्यापेक्षा जाड, साधा पट्टा डोक्यावरून निसटतो, रुंद पट्टा लागतो.

दोन, सासूबाई. २५ किलोचं जनावर एका हिसक्यात निघालं तर गुडघे दुखणारं माणूस जमिनीवर येणार.

तीन, परक्यानं अंगाला हात लावलेला त्याला आवडत नाही. चावरा नाही, लाजरा आहे. पाहुण्यांची पोरं गळ्यात पडली तर बाजूला सरकतो, सरकायला जागा नसेल तर गुरगुरतो. येणं-जाणं असलेल्या घरात दोघांनाही ताप.

हवेतर शेतावर कायम माणूस राहत असेल, तारेचं कुंपण असेल, तर पुन्हा विचार करू. तिथंही एक ध्यानात ठेवा: ससा किंवा काळवीट मारलं तर वन्यजीव कायदा, १९७२ लागतो. कुत्र्यानं मारलं, मी नाही, हे चालत नाही.

नसबंदीच्या वेळी डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. या सडपातळ कुत्र्यांत चरबी नसल्यानं भुलीची काही औषधं, विशेषतः थायोपेंटोन, शरीरातून उशिरा उतरतात. कुत्रा तासन् तास शुद्धीवर येत नाही.

तूरडाळ | शनिवार, सकाळी १०:३८

माळेगावच्या यात्रेत कारवानी बघायला मिळतात. तिथून पिल्लू आणलं तर?

काळीमाती | शनिवार, सकाळी ११:०५

बघायला जरूर जा. खंडोबाची यात्रा, लोहा तालुका, श्वान प्रदर्शनात जातिवंत जनावरं एकाच ठिकाणी दिसतात आणि मालकांशी बोलता येतं. पण अर्धवट लसीचं पिल्लू यात्रेतून उचलून आणू नका. हजारो कुत्री-माणसं येतात तिथल्या मातीत पार्व्होचा विषाणू असू शकतो, तो महिनोन् महिने टिकतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला चार-पाच दिवस जातात, म्हणजे घरी आल्यावर उलटी आणि रक्ताची हगवण. मालकाचं गाव विचारून घ्या, महिनाभरानं गोठ्यावर जाऊन आई बघून पिल्लू ठरवा. शर्यतीसाठी ग्रेहाउंडचं रक्त मिसळलेली पिल्लंही कारवान म्हणून खपवतात. आई-बाप दोन्ही बघितल्याशिवाय कळत नाही.

गोदाकाठ | शनिवार, दुपारी १२:३०

आता लॅब. नवऱ्यांचा लॅब टीव्हीतल्या जाहिरातीतला असतो, घरातला वेगळा असतो.

स्वभाव: पोरांत उत्तम, यात वाद नाही. पण पहिली दोन वर्षं तो २५-३० किलोचा दांडगा पोरगा असतो. अंगावर उडी मारतो, चप्पल-मोबाईल-खुर्चीचे पाय चावतो. ज्या कारणानं कारवान बाद, त्याच कारणानं तरुण लॅबही सासूबाईंच्या हातात देता येणार नाही. दिवसाची साखळी आजी-आजोबांकडे आहे, हे विसरू नका.

पिल्लू घेतलं तर मुतायचा हिशेब असा: जेवढ्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, तेवढे तास ते कळ काढतं. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास. म्हणजे दुपारभर दर दोन-तीन तासांनी कोणीतरी उचलून बाहेर न्यायचं, प्रत्येक वेळी वाकायचं, पुसायचं. आजींच्या गुडघ्यांना विचारून ठरवा.

फरशी. गुळगुळीत टाइल्सवर लॅबचं पिल्लू मागचे पाय फाकवून घसरतं. लॅब आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा आनुवंशिक दोष मुळातच असतो. घसरणं आणि वाढीच्या वयातलं जादा वजन तो वाढवतात. शहाबादी खरखरीत फरशी असेल तर बरं, नाहीतर वावराच्या जागेवर रबरी चटई किंवा जुनं सतरंजीचं कापड अंथरा.

खाणं. हा मुद्दा सविस्तर लिहितो, कारण "दोन भाकरी आणि दूध" हे आपल्याकडचं घराघरातलं उत्तर आहे.

हिशेब: विश्रांतीला लागणारी ऊर्जा = ७० गुणिले किलोतल्या वजनाचा पाऊण (०.७५) घात. नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला त्याच्या १.६ पट. ३० किलोच्या लॅबला साधारण १४३० किलोकॅलरी, १५ किलोच्या गावठी कुत्र्याला ८५० च्या आसपास. ज्वारीची एक भाकरी (६० ग्रॅम पीठ) म्हणजे २०० किलोकॅलरी. लॅबला नुसत्या भाकरीवर ठेवायचं तर सात भाकरी लागतील, आणि पोट भरूनही प्रथिनं निम्म्या-पाऊण वाट्याचीच मिळतील, कॅल्शियम तर जवळजवळ नाहीच. मग केस राठ होतात आणि वाढत्या पिल्लाचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकतात. नुसतं मटण-चिकन घातलं तरी कॅल्शियमची तीच बोंब, कारण मांसात ते नसतं.

तयार कोरडं खाद्य १०० ग्रॅमला ३५० ते ४०० किलोकॅलरी देतं. लॅबला दिवसाला ३८०-४०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला १२ किलो. १५ किलोच्या कुत्र्याला सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम, महिन्याला सात किलो. तुमच्या दुकानातला किलोचा भाव लावून बघा, चार हजारांचं गणित तिथंच सुटेल. निम्मं तयार खाद्य, निम्मं घरचं (भाकरी किंवा भात, दोन उकडलेली अंडी, थोडं चिकन) असं चालतं. पोट बिघडत असेल तर दूध बंद करून ताक-दही. कांदा, लसूण, द्राक्षं-मनुका, चॉकलेट अजिबात नाही. आमटी-रस्सा भाकरीवर ओतायची सवय आहे ना, त्यात कांदा-लसूण असतोच.

हुरडा | शनिवार, दुपारी १:१०

म्हणजे हस्की गेली, कारवान गेला, लॅबही जवळपास गेला. उरलं काय?

गोदाकाठ | शनिवार, दुपारी १:४४

१० ते १८ किलोतलं, आखूड केसांचं, लांब नाकाचं, शक्यतो मोठं झालेलं कुत्रं. या चौकटीत किंवा तिच्या आसपास काय येतं ते बघू.

बीगल: वजनानं बसतो, उन्हाला बरा. पण नाक जमिनीला लागलं की कान बंद. एकटा ठेवला की भोंग्यासारखा ओरडतो. शेजारी भिंतीला भिंत असेल तर जपून.

डॅशहुंड: लांब पाठीच्या मणक्यातली चकती सरकते. तुमच्याकडे गच्चीचा जिना आहे, दिवसातून दहा वेळा चढ-उतार होणार. नको.

स्पिट्झ: आपण ज्याला सरसकट पामेरियन म्हणतो तो बहुधा हाच. पाच-सात किलोचा, मोठा प्रकार त्याहून जड. आजींना झेपतो, घरात रमतो. केस दाट असले तरी हस्कीपेक्षा बराच सोसतो, दुपारी कूलरच्या खोलीत ठेवला तर. तोटे: दारावर पान हललं तरी भुंकतो, दात लवकर किडतात. लहान पोरांनी कान-शेपूट ओढली तर पटकन दात लावतो. आठ वर्षांच्या मुलीला समजावता येतं.

गावठी: तुमच्या घराला पहिली पसंती. कारणं बालाघाट यांनी लिहिलीच आहेत, फक्त उलटी करून वाचा.

पाणचक्की | शनिवार, दुपारी ३:२०

गावठीला +१, पण "गावठी आहे, काही होत नाही" हे मात्र चुकीचं. उन्हाला तो घडलेला आहे; पार्व्होला, रेबीजला, गोचिडाला नाही.

लसी: सहा ते आठ आठवड्यांना पहिली एकत्रित लस (एकाच टोचणीत अनेक रोगांवरची), मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, शेवटची १६ आठवड्यांच्या आसपास. रेबीज तीन महिन्यांना, मग दरवर्षी. शेवटच्या लसीनंतर दोन आठवडे होईपर्यंत रस्त्यावर उतरवायचं नाही. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दरमहा, पुढे दर तीन महिन्यांनी.

लसीचं कार्ड कसं वाचायचं, कारण फसवणूक इथंच होते. खऱ्या कार्डावर लसीच्या बाटलीचं लेबल सोलून चिकटवलेलं असतं, छोटं, गुळगुळीत, त्यावर बॅच नंबर आणि मुदत छापलेली. शेजारी तारीख, डॉक्टरांची सही आणि त्यांचा नोंदणी क्रमांक. नुसतं पेनानं "लस दिली" आणि बरोबरची खूण म्हणजे लस दिली नाही असं धरून चाला आणि पहिल्यापासून सुरू करा. लेबलवरची मुदत आणि लस दिल्याची तारीख ताडून बघा. पिल्लाच्या जन्मतारखेआधीची लस दाखवणारीही कार्डं असतात.

विकत घेणार असाल तर २०१७ चे श्वान प्रजनन नियम सांगतात की आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंद हवी. "तीस-पस्तीस दिवसांचं आहे, आत्ता न्या, जीव लावेल" असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. आई आणि भावंडांबरोबरचे ते आठवडे गेले की पिल्लाला चावा किती जोरात घ्यायचा हे कळतच नाही. पुढे तुमच्याच मुलीच्या हातावर ते शिकतं.

महापालिकेकडे नोंद करून परवाना घ्या, रेबीजचा दाखला लागतो. फ्लॅटवाल्यांसाठी: प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही. लिफ्ट बंद करता येत नाही. घाण उचलायची जबाबदारी मात्र तुमची.

खडकाळ_रान | शनिवार, संध्याकाळी ६:०५

धाग्यात घुसतो. आमचा प्रश्न वेगळा: हिंगोलीकडं आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) राखणीला कोणता? रॉटवायलर की जर्मन शेफर्ड? रानडुकरं आणि रोही (नीलगाई) येतात. पिटबुल-रॉटवायलरवर बंदी आली असंही कोणी म्हणलं.

काळीमाती | शनिवार, संध्याकाळी ७:१५

बंदीचं आधी: १२ मार्च २०२४ ला केंद्रानं २३ जातींबद्दल परिपत्रक काढलं, त्यात पिटबुल आणि रॉटवायलर होते. कर्नाटक उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केलं. तरी चावा झाला तर मालकावर गुन्हा होतोच, त्याला परिपत्रक लागत नाही.

आखाड्यावर रॉटवायलर आणि शेफर्ड दोन्ही नको. रॉटवायलर ४५-५० किलोचा काळा कुत्रा, पत्र्याच्या शेडखाली मे महिना काढणार नाही. शेफर्डला दुहेरी केस. आणि राखण म्हणजे भुंकून माणसाला उठवणं, डुकराशी झुंज नव्हे. डुकराचा सुळा पोट फाडतो. दोन गावठी, एक नर एक मादी, दोघांची नसबंदी केलेली, हे आखाड्याला पुरतं. एक भुंकला की दुसरा उठतो. बिबट्याचा वावर असेल तर रात्री आत घ्या. धनगरांच्या कुत्र्यांना खिळ्यांचा पट्टा असतो तो याचसाठी.

दिवसभर साखळीला बांधून ठेवलेला कुत्रा चांगला राखणदार होतो हा समज सोडा. तो सगळ्यांवर भुंकतो, मग तुम्ही उठायचं सोडता. दिवसा सावलीत मोकळा, रात्री कुंपणाच्या आत मोकळा.

आखाड्यावरची खरी भीती विषाची. पेरणीच्या दिवसांत औषध लावलेलं बियाणं उघडं राहतं, उंदरांसाठी ठेवलेल्या गोळ्या-पिठाचे गोळे, फवारणीचं पाणी कालवलेली बादली. कुत्रं तहानेलं असलं की पहिली बादली दिसेल ती पितं. त्याचं पाणी वेगळ्या, जड दगडी कुंडीत, दिवसातून दोनदा बदलून. फवारणीच्या दिवशी बांधून ठेवायचं, हा एकच दिवस साखळीचा.

बालाघाट | रविवार, सकाळी ७:३०

गोचिडाबद्दल कोणीच लिहिलं नाही, आणि आपल्या भागात जात कोणतीही असो, सगळ्यात जास्त आजारपण यातून येतं.

कुत्र्याची तपकिरी गोचीड गुरांच्या गोचिडीपेक्षा वेगळी. ती अंगावर जेवते, पण अंडी घालायला भिंतीच्या फटीत, चौकटीमागे, कुंडीखाली जाते. एक मादी हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्यावर औषध आणि घरात काही नाही, असं केलं तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच. कान उलटा करून आतली घडी, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी बघायचं, उन्हाळा-पावसाळ्यात रोज. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. नखानं चिरडायची नाही, रॉकेल लावायचं नाही.

तिच्यातून एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन रोग येतात. ताप, जेवण सोडणं, हिरड्या फिक्या, पोटावर लाल-जांभळे ठिपके, नाकातून रक्त. लघवी कॉफीसारखी झाली तर बबेसियाचा संशय. पहिल्या दिवशी रक्त तपासा: प्लेटलेट कमी आलेल्या असतात. एर्लिकियाला डॉक्सीसायक्लिनचा कोर्स साधारण चार आठवडे. पाचव्या दिवशी कुत्रं खायला लागतं आणि लोक गोळ्या थांबवतात. मग रोग लपून बसतो आणि अस्थिमज्जेत शिरतो.

प्रतिबंधाला चघळायच्या गोळ्या मिळतात, काही महिनाभर चालतात, काही १२ आठवडे. वजन मोजून घ्या. गुरांच्या गोचिडाचं औषध बादलीत अंदाजे ओतून कुत्र्याला अंघोळ घालण्याचा प्रकार बंद करा. प्रमाण चुकलं की थरथर, लाळ, झटके. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही सरसकट नाही. कोली जातीच्या कुत्र्यांत ते मेंदूत शिरतं.

परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत रक्ततपासणीची सोय होते. लातूरहून उदगीर जवळ.

पाणचक्की | रविवार, सकाळी ८:४५

उन्हाचा दिवस कसा काढायचा तेही लिहून ठेवते. फिरणं सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री साडेआठनंतर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, टेकत नसेल तर पंजालाही टेकत नाही. पाणी किलोमागे ५०-६० मिली, उन्हाळ्यात दुप्पट धरा. १५ किलोच्या कुत्र्याला दीड-दोन लिटर. टँकरच्या पाण्यात हे बसतं. अंघोळ महिन्यातून एकदा पुरे, एक बादली, उरलेल्या दिवशी ओल्या कापडानं पुसणं. दर आठवड्याला साबण लावला तर कातडी कोरडी पडून खाजवतं. गच्चीवर दुपारी कधीच नाही. सासऱ्यांना सांगा, "थोडा वेळ वर सोडला" ही चूक मे महिन्यात जीवावर बेतते.

बालाघाट | रविवार, सकाळी ९:१०

आणि मृग लागला की धोका संपला असं समजू नका. मे महिन्याचं कोरडं ऊन परवडलं, जिभेवरचं पाणी पटकन उडतं. पहिल्या पावसानंतर ३६-३७ ला दमट हवेत ते उडतच नाही.

उष्माघात ओळखायचा: धाप थांबत नाही, जीभ रुंद आणि गडद लाल, लाळ चिकट, चाल झोकांडी. गुदद्वारातलं तापमान नेहमी १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०५ च्या वर गेलं की घाई. सावलीत नेऊन साधं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओता आणि पंखा लावा. बर्फ ठेवू नका. ओलं गोणपाट अंगावर पांघरून ठेवू नका, दोन मिनिटांत ते गरम होऊन घोंगडीचं काम करतं, खाली अंथरा. १०३ ला आलं की ओतणं थांबवा, आणि कुत्रं उठून उभं राहिलं तरी डॉक्टरांकडे न्या. किडनीवरचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो.

हुरडा | रविवार, दुपारी ४:००

घरात वाचून दाखवलं. हस्कीवरून रडारड झाली, पण गावठीवर सगळे आले. सासऱ्यांची अट: मादी नको. आणि मोठं कुत्रं स्वभावानं कसं आहे हे एका भेटीत कसं कळणार?

गोदाकाठ | रविवार, दुपारी ४:५०

आजोबांना सांगा, घरात मादी बरी. रस्त्याला लागत नाही, गेटवर तंगडी वर करत नाही. नसबंदी करून घ्या, नाहीतर उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो.

एका भेटीत कळत नाही. तीन भेटी करा, वेगवेगळ्या वेळी, तिसऱ्या भेटीत आजी आणि मुलगी दोघींना न्या. दीड-दोन वर्षांचं, सध्या कुणाकडे तरी सांभाळायला असलेलं कुत्रं बघा, म्हणजे घरातली सवय कळते. बसून राहा, हाक मारू नका. ते स्वतः येऊन हुंगतं का, की शेपूट पोटात घालून कोपऱ्यात जातं? स्टीलचं ताट जमिनीवर पाडा: दचकून पुन्हा बघायला आलं तर उत्तम, अर्धा तास लपलं तर पोराच्या घरात नको. खाताना पाच-सहा फुटांवरून चालत जा. थबकून ताठ झालं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, तर ताटावर राखण करतं. कान, पंजा, तोंड हाताळू देतं का ते शेवटी, आणि ते आधीच्या माणसानं करून दाखवायचं.

मुलीला तीन नियम: जेवताना हात नाही, झोपलेलं असताना मिठी नाही, उठून गेलं की मागे जायचं नाही.

कुत्रं घरचं असो की रस्त्याचं, लसीचं असो की नसो, दात लागला की साबणानं १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद-मिरची काही भरायचं नाही.

हुरडा | रविवार, संध्याकाळी ६:२०

आणायचं कधी? मुलीच्या सुट्टीत, म्हणजे मेमध्ये?

पाणचक्की | रविवार, संध्याकाळी ६:४०

मे नको, नवीन घर आणि ऊन एकदम नको. पावसाळ्यात गोचीड. दिवाळीच्या आधीही नको, पहिल्याच आठवड्यात फटाके झाले तर ते गेटखालून पळेल आणि घर ओळखीचं नसल्यानं परत येणार नाही. तुळशीचं लग्न झालं की आणा. तोवर गेटच्या खालची फट मोजून घ्या. चार इंचांपेक्षा जास्त असेल तर लोखंडी पट्टी वेल्ड करून घ्या.

हुरडा | रविवार, रात्री ९:०५

मोजली. सहा इंच आहे. वेल्डिंगवाल्याला उद्या बोलावते.